मंडप उठला, पुढे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला गरीब देशांतल्या स्वस्त नेत्रसेवेवरचा, एका नेत्रशिबिराचं वर्णन असलेला लेख वाचला. चांगला आहे, म्हणजे पहिला अर्धा चांगला आहे, पण त्यात "स्थानिक भागीदारी" हा शब्द मी मोजला तर नऊ वेळा आलाय आणि भागीदार नेमकं करतो काय ते एकदाही नाही. आमचा अनुभव सांगते.

सासूबाईंचा मोतीबिंदू अशाच एका भागीदारीत निघाला. बाहेरून डॉक्टर आले, ऑपरेशन फुकट, लेन्स फुकट, काळा चष्मा फुकट, आणि ऑपरेशन झालंही झकास, डॉक्टरांबद्दल एका अक्षराची तक्रार नाही. पट्टी काढल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, अगं तुझे केस किती पिकले! असो. दीड वर्षाने त्यांना परत धुरकट दिसायला लागलं. घरात सगळ्यांचं एकच, मोतीबिंदू परत आला, फुकटची लेन्स, हलकीच असणार. कार्डावरच्या नंबरवर फोन केला तर ती टीम आता येत नाही म्हणे. आणि स्थानिक भागीदार? त्यांनी हॉल दिला होता हो, आणि बॅनर लावलं होतं. ते म्हणाले, पुढच्या शिबिरात नाव देऊन ठेवा!

आठ महिने गेले असे. मग भलत्याच दवाखान्यात कळलं की मोतीबिंदू परत येतच नसतो, काही जणांना लेन्सच्या मागचा पातळ पापुद्रा धुरकट होतो आणि लेझरने तो काही मिनिटांत मोकळा करता येतो, टाका नाही की पट्टी नाही. झालं पण तसंच. एवढ्यासाठी बाई आठ महिने भिंत धरून चालत होत्या, ऑपरेशनच्या दिवशी कुणी एक वाक्य सांगितलं असतं तर?

तुमच्या लेखात शिबिरातल्या लेन्स "परदेशी बनावटीच्या" असल्याचं भारी कौतुक आहे. अहो, मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयवाल्यांची ऑरोलॅब 1992 पासून लेन्स बनवतेय, काठमांडूच्या तिलगंगा नेत्रसंस्थेतही बनतात, आणि लेन्स आवाक्यात आल्या त्या अशांमुळेच. याच अरविंदने गावागावात व्हिजन सेंटर काढलीत, तिथे त्यांनीच ट्रेनिंग दिलेला माणूस रोज बसतो, डोळा तपासतो आणि मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरला व्हिडिओवर दाखवतो. धुरकट दिसलं की पेशंट उठून तिथे जातो, शिबिराची वाट बघत नाही. मी तरी याला भागीदारी म्हणेन. तुमच्या लेखात यावर दीड ओळ आहे आणि उद्घाटनाला कोण कोण आलं त्यावर अख्खा परिच्छेद. फोटोतही पुढे अकरा पाहुणे, आणि हिरव्या पट्टीवाले पेशंट मागच्या रांगेत अर्धे कापलेले.

किती ऑपरेशन झाली तो आकडा छापलात, ठीक. त्यातल्या किती जणांना सहा महिन्यांनी कुणी विचारलं की बाबा दिसतंय का, हे वार्ताहराने विचारलं का? बहुतेक चहा घेऊन निघाले असावेत.

आणि जाता जाता, "डोळ्यांची काळजी कशी घ्याल" ही चौकट फिकट पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांत कुणी छापली हो? सासूबाईंनी पेपर खिडकीपाशी नेला, मग भिंग आणलं, शेवटी माझ्याकडे दिला. मलाही नाही वाचता आली.

आपली,
एक नियमित वाचक