बाबांच्या कॅप्सूल डबीत नकोत

पुणे, २० जुलै

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोन ठेवल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. आई, तू सहज म्हणालीस, की बाबांच्या श्वासावाटे ओढायच्या औषधाच्या कॅप्सूल आता आठवड्याच्या आठवड्याला खणांच्या डबीत काढून ठेवते, म्हणजे विसरायला होत नाही. चिपळूणच्या पावसात! फोनवर नुसतं 'नको' म्हणून भागलं नसतं, म्हणून लिहायला बसले. पिरंगुटला कामावर मी रोज काय करते, हेही तुम्हाला धड सांगायचं राहूनच गेलंय.

आम्ही औषधाच्या भुकट्या बनवतो. औषध पाण्यात विरघळवून गरम हवेत फवारायचं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत थेंब वाळतो आणि बाटलीत पांढरी भुकटी जमते. फुप्फुसात खोलवर पोचायचं तर कण १ ते ५ मायक्रॉनचा हवा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, बाबा, त्यावरून अंदाज करा.

इतका बारीक कण वाहत नाही. आई, रांगोळी तुझ्या चिमटीतून कशी सरसर सुटते, आणि तांदळाच्या पिठीची मात्र गोळी होते. रांगोळीचा कण जड, तो आपल्या वजनाने पडतो. पिठीच्या कणाला वजन ते किती, त्यापेक्षा शेजारच्या कणाची ओढच भारी. आमची भुकटी तर पिठीहूनही कितीतरी बारीक. माझी पहिली भुकटी फनेलमध्ये ओतली तेव्हा खाली काही पडलंच नाही. टिचकी मारली तर मधोमध बोटभर भोक पडलं, बाकीची कडांना तशीच चिकटलेली.

यावरचा उपाय तू रोज करतेस. पोळी पोळपाटाला चिकटू नये म्हणून लाटी कोरड्या पिठात घोळवतेस, तसं कणाच्या अंगाला काहीतरी लागलं पाहिजे. आम्ही ल्युसिन वापरतो, डाळीत आणि दुधात असतं ते अमिनो आम्ल. ते वरून चोळायचं नसतं, औषधाबरोबर पाण्यातच घालायचं. त्याची ओढ थेंबाच्या पृष्ठभागाकडे, आणि पाण्यात ते फारसं विरघळतही नाही. त्यामुळे थेंब आटू लागला की आधी तेच कडेला स्फटिक होऊन बसतं आणि कणाभोवती कवच धरतं. पुढे हे कवच आत ओढलं जातं. सूक्ष्मदर्शकाखाली असा कण पहिल्यांदा पाहिला, अगदी काळ्या मिरीचा दाणा! असे दोन सुरकुतलेले दाणे नुसत्या टोकांवर टेकतात. स्पर्श कमी, म्हणून ओढही कमी. मग तीच भुकटी फनेलमधून सुटते. हे बघताना मला दरवेळी तितकाच आनंद होतो.

मात्र जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. एका मर्यादेनंतर वाहण्यात फरक पडत नाही, औषधाची जागा तेवढी जाते. गिळायच्या गोळ्या बनवताना भुकटी यंत्राला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात, तेही फार वेळ घोळवलं तर गोळी ठिसूळ होते आणि पाण्यात उशिरा विरघळते.

आता दमट हवेचं. फवारून इतक्या झटपट वाळवलं की साखरेसारख्या पदार्थाला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, तो चिक्कीच्या पाकासारखा राहतो. पावसाळ्यात उघडी राहिलेली चिक्की कशी होते, माहीत आहे ना? गेल्या जुलैत ल्युसिन नसलेल्या भुकटीची बाटली मी जेवायला जाताना उघडी ठेवली. परत आले तर तळाशी आक्रसून खडा झालेला. आठवड्याचं काम गेलं. मला रडू आवरेना.

बाबा, तुमच्या कॅप्सूलमधली भुकटी अशी फवारलेली नाही. तिथे औषधाचे बारीक कण लॅक्टोजच्या, म्हणजे दुधातल्या साखरेच्या, मोठ्या कणांवर बसवलेले असतात, आणि तुमच्या श्वासाच्या झटक्याने ते सुटायला हवेत. ओल लागली की नीट सुटत नाहीत, बरंचसं औषध घशातच राहतं. कॅप्सूल बाहेरून जशीच्या तशी दिसते. 'आताशा औषध लागू पडत नाही' असं तुम्ही मागच्या महिन्यात म्हणालात, ते मला डबीचं ऐकल्यावर आठवलं. डॉक्टरांना दाखवाच, पण डबीचंही सांगा.

आई, डबीतल्या सगळ्या टाकून दे, पैशांकडे बघू नकोस. नवी बाटली आण. तिच्यातली छोटी पुडी फेकायची नाही, ओल तीच शोषते. झाकण घट्ट लावायचं, हात कोरडा करून वेळेला एकच कॅप्सूल काढायची, आणि बाटली मोरीजवळच्या फळीवर नको, कपाटात ठेव. विसरायला होतं म्हणून कालनिर्णयावर रोज फुली मार.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते. बाबा, त्या दिवशीची कॅप्सूल माझ्यासमोर घ्या. श्वास जोरात आणि लांब ओढता का, ते मला बघायचंय.

तुमची,
लेक