दात काळे करू नकोस

ट्रीर, रविवार

प्रिय बाळ्या,

तीन महिने पत्र नाही, चूक माझीच. गुडघा आहे तसाच, बाकी क्षेम. पण काल तुझा फोटो आला आणि राहवेना. मंडळाच्या कार्यक्रमात तू जर्मन गायक गिल्डो हॉर्न करणार! टकलाचा टोप झकास, कानांवरून लोंबणारे विरळ केसही झकास. पण दात का काळे केलेस रे? तसे दात त्याचे कधीच नव्हते.

तू जर्मनच्या वर्गात असताना म्हणायचास, हे गाणं नव्हे, सोंग. तेव्हापासूनचं आपलं भांडण! सोंग आहेच. पण माणूस बघ. 1963 साली इथंच ट्रीरला जन्मला, खरं नाव होर्स्ट क्योलर. शिक्षणशास्त्र शिकला, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांबरोबर काम केलं. पुढे टीव्हीवर गप्पांचा कार्यक्रम केला, त्यातही पाहुणे हेच लोक. बँडचं नाव ‘ऑर्थोपेडिक मोजे’. सत्तरच्या दशकातली जुनी श्लागर, म्हणजे सोपी भावुक जर्मन गाणी, ज्यांना शहाणी मंडळी नाकं मुरडायची, ती हा घाम गळेपर्यंत जीव ओतून गायचा. लोक हसत हसत यायचे आणि सगळी गाणी पाठ म्हणायचे.

युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा. तिथं कुणाला पाठवायचं, याचा 1998 च्या फेब्रुवारीत ब्रेमेनला प्रेक्षकांनी फोनवरून कौल दिला, साठ टक्क्यांहून जास्त मतं याला. हे ध्यान देशातर्फे गाणार म्हणून केवढा गदारोळ! गाणं टीव्हीवरच्या श्टेफान राब या विनोदवीराचं, पण नाव लावलं ‘आल्फ इगेल’, म्हणजे राल्फ झीगल या बड्या संगीतकाराला कोपरखळी. 9 मेला बर्मिंगहॅममध्ये युरोव्हिजन. आदल्या वर्षी जर्मनी अठरावा होता, हा 86 गुणांनी सातवा आला. स्पेन, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड यांनी पूर्ण 12 दिले. बहुतेक देशांत तेव्हा पहिल्यांदाच घरबसल्या लोक मतं देत होते.

आता तुझं बघू. वेळ तीन मिनिटांची, ती सोडू नकोस. पहिलं कडवं भावगीतासारखं, शांत उभं राहून म्हण. डोळा मिचकावलास की सगळं संपलं; प्रेक्षकांना कळतं, हा स्वतःच गाण्याला हसतोय. मग ठेका उसळू दे. त्याने वाजवल्या तशा गुरांच्या घंटा हव्यातच, पण बाजारातल्या सुरात नसतात. पेटी घेऊन जा, दहा-बारा वाजवून सूर जुळणाऱ्या पाचच घे. आडव्या दांडीला बांध, आणि वाजवल्यावर लगेच हाताने धर. नाहीतर आधीचा नाद पुढच्यावर चढतो आणि नुसता गोंगाट होतो. गिल्डो बर्मिंगहॅमला मचाणावर चढला होता. तू मांडवाच्या बांबूवर चढू नकोस, तुझ्या वजनाने गाठ सुटेल! लोखंडी घोडा घे, खाली दोघं धरायला ठेव, आणि शब्द नसतील तेव्हाच चढ. चढता चढता गायलास तर दम तुटून सूर खाली येतो.

आणि नुसएकन, म्हणजे हेझलनटच्या त्रिकोणी वड्या, सगळ्यांना वाट. त्याच्या आईच्या हातच्या या खाऊशिवाय गिल्डो कसला! 300 ग्रॅम मैदा, 130 लोणी, 130 साखर, 2 अंडी, चमचाभर बेकिंग पावडर. मळून ताटात थाप, वर जर्दाळूचा जॅम. 200 लोणी, 200 साखर, चार चमचे पाणी वितळवून त्यात 400 ग्रॅम हेझलनट, निम्मे कुटलेले, निम्मे जाडसर. महाग वाटले तर काजू-बदाम. हे सारण गरम ओतू नकोस, खालचा थर विरघळून चिकट होतो. 180 अंशांवर अर्धा तास. कोमट असतानाच त्रिकोण काप, थंड झाल्यावर फुटतात. मग टोकं चॉकलेटमध्ये बुडव.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? चिनूच्या बारावीबद्दल पेढे बाकी आहेत.

त्याच्या गाण्याच्या नावाचा अर्थ एवढाच: गिल्डोचा तुमच्यावर लोभ आहे. तो ते खरं मानून म्हणाला, म्हणून चाललं. दात पूस आणि तसंच म्हण. तालमीचं रेकॉर्डिंग गुरुवारपर्यंत पाठव, घंटांचा भाग आधी.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
अण्णा