पहिल्याच दिवशी सांभाळून घेणाऱ्यांचे आभार

लांबच्या समुद्रप्रवासाला आम्ही दोघं निघालो आणि पहिल्याच दिवशी इतक्या अनोळखी माणसांनी आम्हाला सांभाळून घेतलं, की आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

बंदरावर बॅगांचे सुटू लागलेले टॅग पुन्हा घट्ट बांधून देणारे हमालदादा, मनापासून धन्यवाद. संध्याकाळी बॅगा केबिनच्या दाराशी हजर होत्या.

सगळ्यात जास्त ऋणी आहे ती सुरक्षा सरावाच्या वेळी भेटलेल्या ताईंची. सात छोटे भोंगे आणि मग एक लांब, हा इशारा झाला की कुठे जमायचं, हे त्यांनी शांतपणे समजावलं. ह्यांचे हात थरथरतात, म्हणून लाइफ जॅकेटचे पट्टे कसे बांधायचे ते जरासुद्धा घाई न करता पुन्हा पुन्हा दाखवलं. २०१२ साली झालेल्या कोस्टा कॉन्कॉर्डिया या प्रवासी जहाजाच्या दुर्घटनेनंतर नियम बदलले आणि हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं बंधनकारक झालं. अनेकांना तो कंटाळवाणा वाटतो. मला मात्र पहिल्या दिवसाचं तेच खरं काम वाटतं.

आणि रात्री मला मळमळू लागल्यावर, "जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर बसा, तिथे हेलकावे कमी लागतात," असं सांगून स्वतः तिथवर सोडायला आलेल्या काकू, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुमचा पुढचा प्रवास सुखाचा होवो.