विषय: तंबाखूच्या तरव्यासाठी बुरशीनाशकाची चुकीची मात्रा सांगितल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

तंबाखूच्या तरव्यासाठी, म्हणजे लावणीआधी वाफ्यात वाढवलेल्या रोपांसाठी, आम्ही निपाणीच्या दुकानातून तुमचे मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब हे बुरशीनाशक घेतले. पुडीवर लिटरला २ ग्रॅम छापले आहे. तरीही तुमच्या प्रतिनिधीने बिलाच्या मागे स्वतःच्या हाताने लिहून दिले: १५ लिटरच्या पंपाला ५ ग्रॅम, दर आठवड्याला. म्हणे, थोडे थोडे देत राहिले की कोलमड, म्हणजे रोपे बुडाशी कुजून आडवी पडण्याचा रोग, येतच नाही. बिलाची प्रत सोबत आहे.

त्याप्रमाणे आळवणी केली, म्हणजे औषधाचे पाणी रोपांच्या बुडाशी ओतले, आणि मर वाढतच गेली. रोपाच्या बुडाशी, मातीलगत पाणी भरल्यासारखा काळपट डाग पडतो. बोटात धरले की साल निसटते आणि रोप आडवे होते. सकाळी वाफ्यावर पांढरी, कापसासारखी बुरशी दिसते. बांधाकडचा एक वाफा औषधाविना राहिला होता, तिथे मर कमी आहे. याचे उत्तर तुम्हीच द्यायचे आहे.

कोलमड आणणाऱ्या पिथियम या बुरशीमध्ये मेटॅलॅक्झिलला न जुमानणारे प्रकार आढळतात, हे तुमच्या शास्त्रज्ञांना माहीत असणारच. बटाट्याच्या करप्याने तर १९८० मध्येच आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये या औषधाला दाद देणे सोडले होते. कमी मात्रेने साध्या बुरशीचा जोर मोडतो, दाद न देणारी तेवढी मागे उरते आणि तिला मोकळे रान मिळते. त्याहून वाईट म्हणजे अगदी अल्प मात्रेत हेच औषध तिच्या वाढीला चालना देऊ शकते. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी जिरेनियम या फुलझाडाच्या रोपांवर हे दाखवले: मेफेनोक्झॅमच्या, म्हणजे मेटॅलॅक्झिलच्याच सक्रिय रूपाच्या, अपुऱ्या मात्रेने पिथियमची मर वाढली. आमच्याकडे तर ऐन पावसात तरवा असतो. मुळांपाशी पोचेपर्यंत ते ५ ग्रॅम किती उरत असतील?

तरवा गेला की लावणीचा हंगाम हुकतो. विकतची रोपे आणून रान भरायचे म्हणजे दुहेरी खर्च, शिवाय वाफ्यातली बुरशी पुढच्या वर्षासाठी तिथेच.

तुमचा माणूस पाठवून मातीचे आणि रोपांचे नमुने न्यावेत, बुरशी औषधाला दाद देते का हे तपासून अहवाल लेखी द्यावा. रोपांची भरपाई मिळावी. आणि निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातल्या दुकानांत अर्ध्या-पाव मात्रेचा सल्ला ताबडतोब बंद करून योग्य मात्रेचे पत्रक कन्नडबरोबर मराठीतही लावावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास बिल आणि फोटो घेऊन आम्ही बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

आपला,
एक तंबाखू उत्पादक
ता. निपाणी, जि. बेळगाव