नुसते ‘मर्मर आहे’ लिहून भागत नाही

संपादक महोदय,

मर्मर म्हणजे स्टेथोस्कोपमधून हृदयाच्या ठोक्यासोबत ऐकू येणारा रक्तप्रवाहाचा जादा आवाज. तपासणीच्या कागदावर ‘मर्मर आहे’ एवढेच दोन शब्द लिहून रुग्णाला इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) पाठवण्याची पद्धत सर्रास दिसते. त्या दोन शब्दांनी एका घरात उगाच धास्ती बसते, तर दुसऱ्या घरात ‘आवाज बारीकच आहे’ म्हणून पुढची तपासणी राहून जाते. मर्मर ठोक्यात नेमका केव्हा येतो, कुठे सर्वांत स्पष्ट आहे, कुठवर पसरतो, किती मोठा आहे आणि श्वासाने वा उठण्या-बसण्याने बदलतो का, हे कागदावर आलेच पाहिजे.

यात ‘केव्हा’ला पहिला मान. ठोक्यातला पहिला ध्वनी ‘लब’ म्हणजे हृदयाच्या मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटल्याचा आवाज, दुसरा ध्वनी ‘डब’ म्हणजे एओर्टिक आणि पल्मनरी झडपा मिटल्याचा. लब ते डब या दरम्यानचा मर्मर सिस्टॉलिक, डबनंतर पुढच्या लबपर्यंतचा डायस्टॉलिक. ठोके जलद असले की दोन्ही अंतरे सारखीच वाटू लागतात आणि गफलत होते. म्हणून ऐकताना मानेतल्या कॅरोटिड नाडीवर बोट हवे. लबच्या लगेच पाठोपाठ ती बोटाला लागते. मनगटाची नाडी उशिरा पोहोचते, ती यासाठी धरू नये. सिस्टॉलिक मर्मर निर्दोष असू शकतो. डायस्टॉलिक मात्र आजाराचाच समजून इको करावा.

निर्दोष मर्मर लहान मुलांत बराच आढळतो. ताप, रक्तक्षय, गरोदरपण यांत रक्ताचा वेग वाढूनही तो येतो. तो मऊ व आखूड असतो, मूल उठून बसले की बहुधा कमी होतो आणि दुसरा हृदयध्वनी (डब) अगदी नेहमीसारखा असतो. अशा मुलाच्या आईवडिलांना ‘हृदयाला छिद्र असेल’ असे घाईने सांगणे अन्यायाचे आहे.

आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, हा समज तर डॉक्टरांमध्येही आहे. हृदयरोगतज्ज्ञ लेव्हाइन यांच्या 6 पायऱ्यांच्या प्रतवारीत चौथ्या पायरीपासून छातीवर तळहात ठेवला तरी थरथर जाणवते. पण ती प्रतवारी फक्त आवाजाची आहे. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला लहान छिद्र असेल तर रक्त जोराने घुसते आणि मर्मर मोठा येतो. छिद्र मोठे असेल तर दाबातला फरक कमी होऊन आवाज उलट मऊ पडतो. एओर्टिक झडप फार अरुंद होऊन हृदय थकले की तिथलाही मर्मर मंदावतो. अशा वेळी दुसरा ध्वनी क्षीण झाला आहे का आणि कॅरोटिड नाडी सावकाश चढते का, हे पाहावे. वरच्या दोन कप्प्यांमधल्या छिद्रात मर्मर हलकाच असतो; खूण असते ती दुसऱ्या ध्वनीचे दोन भाग श्वास घेताना आणि सोडतानाही तेवढ्याच अंतराने ऐकू येण्याची. निरोगी माणसात हे अंतर श्वास घेताना वाढते आणि सोडताना मिटते.

शर्टावरून, उताणे झोपवून, चार जागी स्टेथोस्कोप टेकवला की काही मर्मर हमखास निसटतात. अरुंद मायट्रल झडपेचा खोल, घुमणारा आवाज ऐकायचा तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून हृदयाच्या टोकावर स्टेथोस्कोपची बेल (वाटीसारखी बाजू) अलगद ठेवावी. बेल दाबली की खालची त्वचा ताणून डायफ्रॅमसारखी (स्टेथोस्कोपच्या सपाट, पडद्याच्या बाजूसारखी) होते आणि नेमका हाच आवाज नाहीसा होतो. एओर्टिक झडपेच्या गळतीसाठी रुग्णाला बसवून पुढे वाकवावे, श्वास पूर्ण सोडून रोखायला सांगावे आणि छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला, बरगड्यांमधल्या तिसऱ्या-चौथ्या जागेवर डायफ्रॅम घट्ट दाबावा. ऐकणाऱ्यानेही आपला श्वास रोखावा, म्हणजे रुग्णाला केव्हा मोकळे करायचे ते आपोआप कळते. पंखा बंद, खोली शांत, हे तर हवेच.

श्वास आत घेताना वाढणारा मर्मर बहुधा हृदयाच्या उजव्या बाजूचा. उभे राहिल्यावर वाढणारा आणि उकिडवे बसल्यावर घटणारा सिस्टॉलिक मर्मर जाड झालेल्या हृदयस्नायूची शंका निर्माण करतो. तरुण खेळाडूच्या तपासणीत ही दोन मिनिटे वाचवू नयेत.

मर्मरसोबत श्रमाने दम, छातीत दुखणे किंवा भोवळ असेल, तान्हे बाळ दूध पिताना घामाघूम होत असेल किंवा त्याचे ओठ निळसर दिसत असतील, तर आवाज कितीही बारीक असो, इको लांबवू नये. आणि पाठवताना कागदावर निदान एवढे लिहावे: ‘सिस्टॉलिक, प्रत 3, हृदयाच्या टोकावर सर्वांत स्पष्ट, डाव्या काखेकडे पसरतो, श्वासाने बदलत नाही.’ इको करणाऱ्याला यावरून मायट्रल झडपेची गळती आधी शोधायची हे कळते.

– वैद्यकीय अध्यापक