अनोळखी अस्थिदात्यास

स. न. वि. वि.

तुमचं नाव आम्हाला माहीत नाही. आम्हा दंतवैद्यांच्या हातात येते ती हाडाच्या पावडरची एक छोटी बाटली आणि तिच्यावरचा क्रमांक. खुब्याचा सांधा बदलताना काढलेलं मांडीच्या हाडाचं गोल टोक टिश्यू बँकेला, म्हणजे दान केलेली हाडं तपासून, प्रक्रिया करून जपणाऱ्या संस्थेला, द्यायला तुम्ही होकार दिलात, किंवा तुमच्या पश्चात तुमचं हाड द्यायला घरच्यांनी होकार दिला. त्या होकारावर आमचं रोजचं काम चालतं, म्हणून हे जाहीर आभारपत्र. आणि आभार मानायचे तर तुमच्या हाडाचं पुढे काय होतं हेही सांगायला हवं.

दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजतं. दात बसतो त्या खळग्याची सर्वांत आतली भिंत दातासाठीच असते. तिला रक्त मिळतं ते दात आणि हाड यांच्यामधल्या तंतूंतून. दात गेला की तंतू जातात आणि काही आठवड्यांत ती भिंतही विरघळते. पुढच्या दातांत ओठाकडची भिंत बहुतेकदा १ मिलिमीटरहून पातळ, म्हणजे जवळजवळ सगळीच या प्रकारची. त्यामुळे हाड त्या बाजूनं खचतं. पहिल्या ६ महिन्यांत रुंदी सरासरी साडेतीन ते चार मिलिमीटर आणि उंची सव्वा मिलिमीटरच्या आसपास घटते. ४ मिलिमीटर जाडीच्या इम्प्लांटला (कृत्रिम दातासाठी हाडात बसवायच्या स्क्रूला) दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर हाड लागतं, म्हणजे एकूण ७. हिशेब किती चटकन चुकतो ते यावरून दिसेल.

तुमचं हाड इथं कामी येतं: दात काढल्यावर रिकामा झालेला खळगा आम्ही त्याच्या पावडरनं भरतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून टिश्यू बँक आहे. तिथली हाडाची पावडर देशभरातल्या दंतवैद्यांनी वापरली आहे. दात्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी आणि सिफिलिससाठी तपासणी होते. मग हाडातली मज्जा आणि चरबी धुऊन काढायची, हाड दळायचं, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात त्यातलं कॅल्शियम काढायचं, गोठवून सुकवायचं आणि शेवटी सीलबंद बाटलीला जंतू मारण्यासाठी २५ किलोग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) गॅमा किरण द्यायचे. कॅल्शियम काढल्यानं आत दडलेली प्रथिनं उघडी पडतात. अशा हाडाभोवती स्नायूतसुद्धा नवं हाड तयार होतं, हे अमेरिकी अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलं होतं.

हे कण कायम राहत नाहीत. स्लॅब पक्का होईपर्यंत सेंट्रिंगनं धरावं तसा ते खळग्याचा आकार धरतात, आणि पेशंटच्या पेशी हळूहळू त्यांना संपवून तिथं स्वतःचं हाड घालतात. कॅल्शियम काढलेले कण लवकर बदलतात, न काढलेले आकार जास्त काळ टिकवतात. पातळ भिंतीसाठी आम्हाला दोन्हींचं मिश्रण बरं वाटतं: न काढलेले ७० टक्के, काढलेले ३०.

मात्र तुमच्या दानाचं सोनं होणार की माती, हे दात काढतानाच ठरतं. चिमट्यानं दात ओठाकडे रेटला की नेमकी तीच पातळ भिंत तुटते. म्हणून पेरिओटोम (पातळ पात्याचं हत्यार) टाळूच्या आणि शेजारच्या दातांच्या बाजूनं सरकवून तंतू कापायचे. दाढ असेल तर मुळं बरनं (ड्रिलच्या फिरत्या टोकानं) वेगळी करून एकेक काढायची. हिरडी शक्यतो उचलायची नाही, कारण उरलासुरला रक्तपुरवठा तिच्याकडूनच असतो. क्युरेटनं (चमच्यासारख्या हत्यारानं) आतलं मऊ रोगट मांस पूर्ण खरवडायचं, सलाइननं धुवायचं, प्रोबनं (बारीक सळईनं) चारही भिंती चाचपायच्या. हाडातून रक्त येत नसेल तर आधी ते आणायचं, मगच भरायचं.

एकमुळी दाताला साधारण अर्धा सीसी पावडर पुरते, दाढेला एक. ती सलाइनमध्ये भिजवून हलक्या हातानं हाडाच्या कडेपर्यंतच भरावी. ठासून भरली तर कणांमधली जागा मिटते आणि रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत. वर ढीग केला तर ते कण हिरडीतच अडकून राहतात. वर कोलॅजनचं (प्रथिनाचं) आच्छादन आणि ४-० जाडीच्या धाग्याचा फुलीचा टाका, जो १० ते १४ दिवसांनी काढायचा. हिरडी ताणून तोंड पूर्ण बंद करण्याचा अट्टहास नको. त्यानं गालाकडची घट्ट हिरडी जागची हलते.

पू वाहत असेल तर त्या दिवशी भरू नये. अक्कलदाढेच्या खड्ड्यात भरणं तर आम्हाला बहुतेक वेळा तुमच्या दानाची उधळपट्टी वाटते. तिथं इम्प्लांट बसवायचाच नसतो. सगळं नीट झालं तरी झीज थांबत नाही, कमी होते. रुंदीत साधारण दीड-दोन मिलिमीटर वाचतात, आणि इम्प्लांटसाठी बहुतेकदा तेवढेच कमी पडत असतात.

पेशंटला घरी पाठवताना सांगावं: पहिले २४ तास चूळ भरू नका, स्ट्रॉनं पिऊ नका, मिश्री-तंबाखू तर जखम बरी होईपर्यंत अजिबात नको. सुरुवातीला दोन-चार कण तोंडात आले तर घाबरू नका. तात्पुरती कवळी त्या जागेवर टेकू देऊ नका. एक्स-रेत जागा काळी दिसली म्हणजे ग्राफ्ट (भरलेलं हाड) फेल असंही नाही. कॅल्शियम नसलेले कण सुरुवातीला दिसतच नाहीत. जबड्याला रेडिएशन झालेल्यांनी किंवा हाडांच्या आजारासाठी झोलेड्रोनिक ॲसिडची इंजेक्शनं घेणाऱ्यांनी ते दात काढण्याआधीच सांगायला हवं.

आणि हे हाड माणसाचं आहे, कुणीतरी राजीखुशीनं दिलेलं आहे, हे पेशंटला आधी सांगून त्याची संमती घेणं आम्ही आमचं कर्तव्य मानतो. काही जण गाई-बैलाच्या हाडाचा ग्राफ्ट नाकारतात, काहींना माणसाचं नको असतं. दोघांनाही निवडीचा हक्क आहे. होकार आला की बाटलीवरचं क्रमांकाचं स्टिकर केसपेपरवर चिकटवतो, म्हणजे पुढे कधी गरज पडली तर हे हाड कोणत्या दानातलं, ते टिश्यू बँकेला शोधता येतं.

तुमचे आणि तुमच्या घरच्यांचे मनापासून आभार. कळावे.

आपले ऋणी,
हिरड्या आणि जबड्याच्या हाडावर काम करणारे दंतवैद्य