दारव्ह्याच्या रेडिओवाल्या काकांस, न्हाणीजवळच्या खड्ड्याबद्दल

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

मे महिन्यातली रात्र, साडेआठचा सुमार. आई कूलरमध्ये पाणी टाकत होती. कूलर चालू, पंप चालू, हातात बादली, पाय अनवाणी, खालची फरशी ओली. बटन बंद करून पाणी टाक, हे मी तिला दर उन्हाळ्यात सांगतो. दुसरी बादली ओतली आणि घरात अंधार झाला. "लाईन गेली वाट्टे," आई म्हणाली. पण शेजाऱ्यांचा टीव्ही चालूच होता.

टॉर्च घेऊन बोर्डाजवळ गेलो तर आरसीसीबीचा, म्हणजे कुठं करंट गळाला की लगेच लाईन तोडणारा, खटका खाली पडलेला. कूलरचा प्लग काढून खटका वर केला, लाईट आली. प्लग लावला, पुन्हा खाली. सकाळी पंप बाहेर काढला. त्याची वायर टाकीच्या कडेवर घासून घासून सोलली होती आणि उघडं तांबं थेट पत्र्याला टेकलं होतं.

तो खटका तुमच्यामुळे त्या बोर्डावर होता, आणि पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारा अर्थिंगचा खड्डाही तुमच्यामुळेच न्हाणीजवळ होता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. एकट्यात बोललो तर तुम्ही "राहू दे रे" म्हणून विषय बदलाल. शिवाय आपल्या भागात घरोघरी पत्र्याचे कूलर आहेत. बाकीच्यांनीही हे वाचावं.

तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आलो तेव्हा आठवीत होतो. बाबांचा रेडिओ मी खोलून ठेवला होता आणि मला तो परत जोडता येत नव्हता. नागपूर केंद्र 585 किलोहर्ट्झवर लागायचं, ते लागेना. तुम्ही रागावला नाहीत. स्टूल पुढं सरकवलं, रेडिओ माझ्याच हातात दिला आणि आधी काय शिकवलं, तर सोल्डरिंग नाही, सिरीज बल्ब. होल्डरमध्ये 100 वॅटचा बल्ब, आणि त्याच्या पलीकडे दुरुस्तीची वस्तू. वस्तू शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, बाकी काही जळत नाही. "पयले बल्बाले इचार, मंग मशीन खोल," असं तुम्ही म्हणायचे. आजही माझ्या टेबलावर पहिली वस्तू तीच आहे.

त्यानंतर सुटीच्या दिवशी मी तुमच्याकडेच असायचो. सेट-टॉप बॉक्सचे फुगलेले कॅपॅसिटर बदलताना 85 डिग्रीपर्यंत टिकणारा काढून 105 डिग्रीपर्यंत टिकणारा टाकायचा, हे तुमच्याकडून कळलं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, बंद डब्यात तर आणखी तापतं, आणि दर 10 अंशांनी कॅपॅसिटरचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. मंद झालेल्या पंख्याला आधी अडीच मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर बदलून बघायचा. टीव्हीच्या पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथंच बसून राहतात, म्हणून आधी बल्ब लावून तो रिकामा करायचा. ही शेवटची गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगितली, त्याचा हिशेब नाही.

पण खरे आभार त्या टीव्हीच्या वेळचे आहेत.

आमच्या गावात डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, न्यूट्रल (करंटच्या परतीची तार) तुटला आणि एका संध्याकाळी आमच्या ओळीतल्या घरांचे टीव्ही, चार्जर, बल्ब गेले. मी टीव्ही मोटरसायकलवर बांधून आणला. एका पुठ्ठ्यावर तीन रेघा काढून तुम्ही समजावलं की न्यूट्रल सुटला की दोन फेजमधले, म्हणजे करंट आणणाऱ्या दोन तारांमधले, 400 व्होल्ट घराघरांत वाटले जातात, ज्याच्याकडे लोड कमी त्याच्या वाट्याला जास्त येतात. टीव्हीचा फ्यूज आणि त्यामागचा एमओव्ही (जादा व्होल्टेज स्वतःच्या अंगावर घेणारा भाग) जळाला होता. तुम्ही दोन्ही बदलले, टीव्ही सुरू झाला. मी पाकीट काढलं तर तुम्ही विचारलं, "घरी अर्थिंग हाय काय?"

मी म्हणालो, आहे, थ्री पिन सॉकेट आहेत.

"तिसऱ्या भोकात काय हाय ते पाह्यलं काय?"

नव्हतं पाहिलं. घरी येऊन सॉकेट खोललं तर वायरमननं तिसऱ्या पिनेला न्यूट्रलचाच तुकडा जोडला होता. म्हणजे बाहेर न्यूट्रल तुटला की घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूच्या अंगावर करंट. त्या संध्याकाळी आमच्या कूलरच्या पत्र्यात तो होता, आणि केवळ कुणी हात लावला नाही म्हणून निभावलं. हे कळल्यावर मी कितीतरी वेळ स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून बसून होतो.

पुढच्या रविवारी तुम्ही स्वतः आलात. मी अंगणात खड्ड्यासाठी जागा आखून ठेवली होती, ती तुम्ही बदलायला लावली. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पाइपापासून सुटते, आणि नेमका कूलर चालतो त्याच महिन्यात अर्थिंग निकामी होतं. म्हणून खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, जिथली माती बारमाही ओली. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. मग फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून दाखवलात. तो न्यूट्रलवर पेटतो तसाच पेटला.

मला वाटलं, झालं काम. तुम्ही म्हणालात, अजून अर्धं राहिलं. आपला खड्डा कितीही चांगला केला तरी त्याचा रोध समजा 20 ओहम भरला, तर पत्र्याला फेज लागल्यावर जेमतेम साडेअकरा अ‍ॅम्पिअर वाहतील. 16 अ‍ॅम्पिअरचा एमसीबी, म्हणजे जादा करंट वाहिला तरच पडणारा खटका, त्याला हलणार नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहील. माणसाला धोका व्हायला मात्र काही मिलीअ‍ॅम्पिअर पुरतात. म्हणून 30 मिलीअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी. मी त्या वेळी टीव्हीसाठी साउंडबार घ्यायच्या विचारात होतो. त्याच पैशात तो खटका आला. बसवून झाल्यावर त्याचं टेस्टचं बटन तुम्ही आईलाच दाबायला लावलं होतं, आणि महिन्यातून एकदा दाबत जा म्हणून सांगितलं होतं. ती दाबते.

आज माझ्या टेबलावर बरंच काही आहे. शेतातल्या मोटरची थ्री फेज आली की मोबाईलवर निरोप देणारं छोटं सर्किट मी बनवलं, त्याचं लोक कौतुक करतात. पण एप्रिल लागला की मी आधी शेजारपाजारचे कूलर बघतो: पंपाची वायर, तिसरी पिन, खड्ड्यातला ओलावा. यंदा अकरा घरं झाली. सहा घरांत तिसऱ्या भोकात न्यूट्रल सापडला, दोन घरांत नुसतं रिकामं भोक. पैसे घेत नाही. तुम्ही त्या खड्ड्याचे घेतले नव्हते.

काका, आई बरी आहे. त्या रात्री तिला काही कळलंही नाही, सकाळी वायर दाखवली तेव्हा ती खाली बसली आणि पहिलं तुमचं नाव घेतलं.

पेरण्या आटोपल्या की येतो. तो पंप टाकला नाही, सोललेल्या वायरीसकट ठेवला आहे. तुमच्या दुकानात समोरच टांगा, कूलर घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना दाखवायला कामी येईल. आणि आईनं घरच्या तुरीची डाळ बांधून ठेवली आहे. ती परत पाठवायची नाही, असा तिचा निरोप आहे.

तुमचा,
रेडिओ खोलून आणणारा आठवीतला मुलगा